रिपोर्टमधले ‘आर’ आणि ‘एस’

जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक लघवीच्या, पुवाच्या किंवा रक्ताच्या कल्चर रिपोर्टचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असतात. मी डॉक्टर नाही आणि औषध सुचवणे हे माझे काम नाही, हे प्रत्येकाला आधी सांगावे लागते. रिपोर्ट वाचायचा कसा, एवढे मात्र सांगता येते. त्यात औषधांच्या नावांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावापुढे ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’ यांपैकी एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे जिवाणू त्या औषधाला बधतो, ‘आर’ म्हणजे बधत नाही, आणि ‘आय’ म्हणजे या दोन्हींच्या मधली स्थिती. यादीत ओळीने ‘आर’ दिसू लागले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. “सर, रिपोर्टमा समदं ‘आर’च शे, आते काय करानं?” असा फोन येतो आणि त्यामागोमाग ठरलेली दुसरी विचारणा येते, की यापेक्षा भारी, जास्त पॉवरची गोळी कोणती?

हे टिपण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. अँटिबायोटिकांची हलके, मध्यम, भारी अशी चढती भाजणी नसते. प्रत्येक औषध जिवाणूच्या शरीरातल्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालते आणि प्रत्येक प्रतिकारक जिवाणूने त्यातल्या काही ठरावीक घावांपुरता बचाव शोधलेला असतो. ज्या औषधापुढे तो बचाव चालत नाही, ते औषध जुने असो, स्वस्त असो, साध्या गोळीच्या रूपातले असो, त्या जिवाणूला मारते.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला जिवाणू म्युलर-हिंटन अगार नावाच्या माध्यमाच्या थाळीवर सारखा पसरवतात, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या लहान कागदी चकत्या ठेवतात आणि थाळी सुमारे ३५ अंश तापमानाला सोळा-अठरा तास ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी जिवाणूंचा पांढुरका थर सगळीकडे चढलेला असतो. फक्त काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे राहिलेली असतात, कारण तिथे झिरपलेल्या औषधाने जिवाणूला वाढू दिलेले नसते. या वर्तुळांचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तो प्रमाणित तक्त्याशी ताडला जातो आणि त्यावरून ‘एस’ किंवा ‘आर’ ठरते. काही प्रयोगशाळा हे आकडेही छापतात, आणि मग लोक २२ मिलिमीटरवाले औषध १७ मिलिमीटरवाल्यापेक्षा चांगले असे समजून बसतात. तसे नसते. प्रत्येक औषधाचा रेणू वेगळ्या वेगाने झिरपतो, म्हणून प्रत्येकाची सीमारेषा वेगळी असते आणि दोन औषधांच्या वर्तुळांची आपसात तुलना करण्यात काही अर्थ नसतो. महत्त्वाचे हे, की एकाच थाळीवर, एकाच जिवाणूच्या थरात, एका चकतीला जिवाणू अगदी खेटून वाढलेला असतो आणि शेजारच्या चकतीपासून तो लांब राहिलेला असतो.

लघवीच्या संसर्गाचे उदाहरण घेऊ, कारण मला येणाऱ्या फोटोंत तेच सर्वाधिक असतात. जिवाणू बहुधा इ. कोलाय असतो आणि सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन या ओळखीच्या नावांपुढे ‘आर’ असतो. त्याच यादीत खाली कुठेतरी नायट्रोफ्युरँटॉइन असते आणि त्यापुढे पुष्कळदा ‘एस’ असतो. हे औषध १९५३ पासून वापरात आहे आणि स्वस्त आहे. जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर जिवाणूचीच एन्झाइमे त्याचे रूपांतर अत्यंत क्रियाशील रेणूंमध्ये करतात, आणि ते रेणू डीएनए, रायबोसोम (पेशीतली प्रथिने बनवणारी यंत्रणा), प्रथिने अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी नुकसान करतात. एका जागेचा बचाव करून भागत नसल्यामुळे या औषधाविरुद्धचा प्रतिकार इतक्या वर्षांतही तुलनेने सावकाश पसरला आहे. परंतु तेच औषध रक्तातल्या किंवा मूत्रपिंडातल्या संसर्गात उपयोगाचे नाही, कारण ते परिणामकारक प्रमाणात फक्त मूत्राशयातल्या लघवीत साठते. उलट व्हँकोमायसिन घ्या. ते सलाइनमधून, रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध असल्यामुळे लोकांच्या मनात त्याचा दरारा आहे, पण इ. कोलायचे त्याने काहीही वाकडे होत नाही, कारण या जिवाणूच्या बाहेरच्या पटलातून आत जाण्याच्या मानाने व्हँकोमायसिनचा रेणू फारच मोठा आहे. अशा वेळी भारी कोणते म्हणायचे आणि हलके कोणते?

आता घाव कुठे बसतो ते पाहू. बहुतेक जिवाणूंच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या द्रव्याची चिवट जाळी असते आणि आतल्या दाबाने पेशी फुटू नये याची जबाबदारी त्या जाळीवर असते. जिवाणू वाढतो तेव्हा ही जाळी जागोजागी उसवून पुन्हा सांधावी लागते. सांधण्याचे काम करणाऱ्या एन्झाइमांना पेनिसिलिन जाऊन चिकटते. उसवणे चालू राहते, सांधणे थांबते, आणि जिवाणू स्वतःच्याच आतल्या दाबाने फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे त्या या हल्ल्यातून वाचतात. इतर गटांची ठिकाणे वेगळी आहेत: स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, अझिथ्रोमायसिन, लिनेझोलिड ही रायबोसोमवर, सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या एन्झाइमवर, तर कोलिस्टिन थेट बाहेरच्या पटलावर काम करते.

पेनिसिलिनविरुद्धचा पहिला बचाव पेनिसिलिन बाजारात येण्याच्या आधीच सापडला होता. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन दिसले १९२८ मध्ये, आणि ते तोडणारे जिवाणूचे एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी नोंदवले १९४० मध्ये, म्हणजे सर्वसामान्य रुग्णांपर्यंत औषध पोहोचले नव्हते तेव्हाच. बीटा-लॅक्टमेज या कुळातली ही एन्झाइमे पेनिसिलिनच्या रेणूतले चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय फोडतात आणि औषध निकामी करतात. यावरचा उपाय मला फार आवडतो. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड हा पदार्थ स्वतः जिवाणूला मारण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे, पण त्यातही ते वलय आहे. एन्झाइम त्यालाच पेनिसिलिन समजून धरते आणि त्यातच कायमचे अडकून बसते. दरम्यान सोबत दिलेले अमॉक्सिसिलिन आपल्या ठिकाणी पोहोचून काम उरकते. आपल्याकडे कपाशीच्या कडेने झेंडू किंवा एरंडी लावून अळीला तिकडे गुंतवतात, ते सापळा पीक ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची ही जोडगोळी १९८१ मध्ये वापरात आली आणि आज खेड्यातल्या मेडिकल दुकानातही मिळते. ज्या जिवाणूपुढे नुसते अमॉक्सिसिलिन हरते, त्याच जिवाणूला तेच अमॉक्सिसिलिन मारते, आणि मात्रेचा आकडा वाढवल्यामुळे हे घडत नाही, मधला अडथळा दूर केल्यामुळे घडते.

जिवाणू अर्थातच तिथे थांबले नाहीत. सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधेही तोडणारी विस्तारित क्षमतेची एन्झाइमे आली. रिपोर्टच्या तळाशी ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते ते यांच्याविषयी. त्यांना न जुमानणारी मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधे आपण वापरू लागलो, तर तीही तोडणारी एन्झाइमे आली. त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध एनडीएम-१, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएला जिवाणूत ते सापडले, २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि नावात नवी दिल्ली आल्यामुळे आपल्याकडे बराच गदारोळ झाला. तो गदारोळ एन्झाइमने ऐकला नाही, ते पसरत राहिले. याचे वैशिष्ट्य असे, की इतर बहुतेक बीटा-लॅक्टमेज औषधाचे वलय फोडण्यासाठी सेरीन नावाचे अमिनो आम्ल वापरतात, तर एनडीएम हे काम जस्ताच्या अणूंकडून करून घेते. त्यामुळे सेरीनला धरून बसणारे क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड किंवा त्यापुढचे अ‍ॅव्हिबॅक्टम या एन्झाइमला अडवू शकत नाही.

इथे एक जुने औषध कामी आले. १९८० च्या दशकात आलेले अझ्ट्रिओनाम हे बीटा-लॅक्टम कुळातलेच, पण वेगळ्या ठेवणीचे असल्यामुळे एनडीएमला ते नीट तोडता येत नाही. मग ते एकटेच का देत नाहीत? कारण ज्या जिवाणूकडे एनडीएम असते त्याच्याकडे सहसा जुन्या धाटणीची सेरीनवाली एन्झाइमेही असतात, आणि ती अझ्ट्रिओनामचा सहज फडशा पाडतात. या सेरीनवाल्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम रोखते. म्हणजे एनडीएमपुढे निष्प्रभ ठरणारे अ‍ॅव्हिबॅक्टम आणि ईएसबीएलपुढे निष्प्रभ ठरणारे अझ्ट्रिओनाम, अशी दोन स्वतंत्रपणे हरलेली औषधे एकत्र दिली की जिवाणूकडचे दोन्ही बचाव एकाच वेळी निकामी होतात आणि त्याची भिंत पुन्हा उसवू लागते. भारतातले अतिदक्षता विभागातले डॉक्टर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अझ्ट्रिओनाम ही दोन इंजेक्शने सोबत देऊन हा परिणाम साधत आले आहेत. अझ्ट्रिओनाम आणि अ‍ॅव्हिबॅक्टम यांचे एकत्रित औषध युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाले. चांगल्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये या जोडीची वेगळी नोंद असते, आणि वरच्या सगळ्या ‘आर’ नंतर ती ओळ वाचणे फार महत्त्वाचे असते.

दुसरा बचाव औषध तोडण्याचा नसून घावाची जागाच बदलण्याचा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा गळवांतून आणि शस्त्रक्रियेच्या जखमांतून आढळणारा जिवाणू. पेनिसिलिन तोडणाऱ्या स्टॅफिलोकोकससाठी मेथिसिलिन आले, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून मेथिसिलिनलाही दाद न देणारे स्टॅफिलोकोकस नोंदले गेले. त्यांनी जाळी सांधणाऱ्या एन्झाइमाची एक नवी आवृत्ती मिळवलेली होती, जिला पेनिसिलिन कुळातली बहुतेक औषधे चिकटूच शकत नाहीत. एमआरएसए म्हणतात ते हेच. व्हँकोमायसिन इथे उपयोगी पडते, कारण ते एन्झाइमाच्या वाटेला जातच नाही. जाळीसाठी आणलेल्या कच्च्या मालाच्या टोकालाच, तिथल्या अ‍ॅलनिनच्या जोडीला, ते घट्ट धरून ठेवते. एन्झाइम कितीही बदललेले असले तरी सांधायला मालच हाती लागत नाही. सेफ्टारोलिन या नव्या औषधाने तर सरळ त्या बदललेल्या एन्झाइमालाच चिकटण्याची हातोटी मिळवली आहे. रायबोसोमवर काम करणाऱ्या अझिथ्रोमायसिनच्या बाबतीतही असाच पाठलाग चालू आहे. अजिंठ्याचा घाट ओलांडला की पलीकडे छत्रपती संभाजीनगरमध्ये वोक्हार्टचे संशोधन केंद्र आहे. त्या कंपनीचे नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाले. अझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियासाठी ते तयार केलेले असून रोज एकदा, असे तीन दिवस ते घ्यायचे असते.

तिसरा बचाव दार लावून घेण्याचा. सूडोमोनास आणि असिनेटोबॅक्टर यांसारखे जिवाणू बाहेरच्या पटलातल्या वाटा कमी करतात आणि तरीही जे आत आले ते बाहेर फेकणारे पंप चालवतात. पण लोहाशिवाय त्यांचे चालत नाही आणि आपल्या शरीरात मोकळे लोह जवळजवळ नसते, म्हणून लोह पकडून आणणारे खास रेणू सोडून, लोहासकट ते परत आत घेण्याची यंत्रणा त्यांना उघडी ठेवावीच लागते. जपानमध्ये विकसित झालेले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले सेफिडेरोकॉल लोहाला धरून याच यंत्रणेतून आत शिरते. जिवाणू ते स्वतः ओढून घेतो. कोलिस्टिनची रीत अधिक ओबडधोबड आहे: ते बाहेरच्या पटलाला चिकटून ते फाडते, त्यामुळे दार बंद असल्याने त्याचे काही अडत नाही, मात्र माणसाच्या मूत्रपिंडालाही त्याचा त्रास होतो. पटलाचा विद्युतभार बदलून कोलिस्टिनला टाळणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडले. त्यानंतर जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्यांसह खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनचा वापर बंद केला. नवापूरसारखे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आपल्याच भागात असताना ही बातमी आपल्याकडे जितकी चर्चिली जायला हवी होती तितकी गेली नाही, असे मला वाटते.

क्षयरोगाचा हिशोब निराळा आहे. क्षयाचे जंतू शेजाऱ्याकडून जनुक उसने घेत नाहीत. त्यांच्यातला प्रतिकार स्वतःच्याच जनुकातल्या बारीक बदलांतून येतो. रिफँपिसिन ज्या एन्झाइमावर बसते त्याच्या जनुकात असा बदल झाला की ते औषध संपले. हा बदल आहे की नाही हे सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत सांगते, जिथे कल्चरला कित्येक आठवडे लागतात. पूर्वी अशा प्रतिकारक क्षयाचे उपचार दीड-दोन वर्षे चालत. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीसाठी दर हंगामात गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला इतका काळ एका केंद्राशी बांधून राहणे किती अवघड असते, हे त्या भागात वावरलेल्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. यातले बेडाक्विलिन, जे अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात मंजूर झाले, जंतूची ऊर्जा तयार करणारे एन्झाइम बंद पाडते. रिफँपिसिनचा बदललेला पत्ता त्याच्या गावीही नसतो, आणि सुस्त पडून राहिलेल्या जंतूलाही जगण्यापुरती ऊर्जा लागतेच, म्हणून वाढ थांबवून बसलेले जंतूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. चारही औषधे चार वेगळ्या ठिकाणी काम करतात. चारही बचाव एकाच जंतूत योगायोगाने जुळून येण्याची शक्यता नगण्य असते, आणि म्हणूनच त्यांतले एकही मध्येच सोडून चालत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध. आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत ते लहान पाकिटात मिळत आले आहे: स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. कपाशीवरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी ते कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर फवारले जाते. झाडांवरच्या आणि माणसांतल्या जिवाणूंमध्ये स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी एकसारखी जनुके आढळलेली आहेत. केंद्राने २०२१ मध्ये शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला होता. बोंडाला करपा लागलेला असताना शेतकऱ्याला जनुकांच्या गोष्टी सांगणे सोपे नाही, हे मी शेतकऱ्याच्या घरातला असल्यामुळे जाणतो. तरी बुरशीवर, विषाणूवर आणि किडीवर या पाकिटाचा काहीही उपयोग होत नाही, एवढे तरी दुकानदाराने सांगायलाच हवे.

योग्य औषध निवडल्यावरही वेळेचा प्रश्न उरतो. पेनिसिलिन कुळातली औषधे जिवाणू वाढत असतानाच मारतात, त्यामुळे रक्तातले त्यांचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर किती तास राहिले यावर परिणाम ठरतो. दिवसाचा डोस एकदम घेण्यापेक्षा आठ-आठ तासांनी घेणे म्हणूनच आवश्यक असते. जेंटामायसिन किंवा अमिकासिनचे उलटे आहे, तिथे एकाच वेळी गाठलेली उंच पातळी महत्त्वाची ठरते. आणि गळवातला पू काढला नाही किंवा जिवाणूंचा चिकट थर चढलेली लघवीची नळी बदलली नाही, तर ‘एस’ लिहिलेले औषधही पुरे पडत नाही, कारण ते जिवाणूंपर्यंत पोहोचतच नाही.

या सगळ्याचा पाया असलेला रिपोर्ट मात्र नमुन्याइतकाच खरा असतो. नमुना पहिल्या डोसच्या आधी द्यावा, कारण दोन गोळ्या पोटात गेल्यानंतर घेतलेल्या लघवीत पुष्कळदा जिवाणू वाढतच नाहीत आणि रिपोर्ट कोरा येतो. लघवी मधल्या धारेची, निर्जंतुक डबीत घ्यावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी. तिथे ती दिवसभर चालते. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना यावलहून किंवा रावेरहून एसटीच्या खिडकीशी पिशवीत ठेवून आणलेल्या डबीत वाटेतच जिवाणूंची पैदास होते, त्यात त्वचेवरचे निरुपद्रवी जिवाणूही वाढतात, आणि मग रिपोर्टमध्ये संसर्गाला जबाबदार नसलेल्या जिवाणूसमोर ‘आर’ची रांग लागते. बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये डबी आणली की हे टळते. रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र फ्रिजमध्ये ठेवायची नसते. ती सावलीत, साध्या तापमानाला, मिळेल त्या पहिल्या गाडीने पाठवावी.